रविवारची भांडी

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर रविवारी मामांचं बायबलमधलं वचन येतं. मी जर्मनीत, श्टुटगार्टला, त्यामुळे ते येतं तेव्हा इथे मध्यरात्र असते आणि उठल्यावर आधी तेच दिसतं. गेल्या महिन्यात एकदा घड्याळाच्या चित्रावर इफिसकरांस पत्रातली ओळ होती: ‘वेळेचा सदुपयोग करा, कारण दिवस वाईट आहेत.’ खाली मामांची पुस्ती, की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास कामाला भिऊ नये, ते पत्र लिहिणारा प्रेषित पौलसुद्धा रात्रंदिवस राबला. हिंजवडीतल्या आतेभावाने त्यावर हात जोडले. शनिवारी रात्री दोनपर्यंत तो कॉलवर होता हे मला ठाऊक होतं. मामांना नव्हतं.

सत्तर तासांचं हे गुऱ्हाळ 2023 च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी लावलं. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन नव्वदवर गेले. रविवारीही लोकांना कामाला लावता येत नाही याची त्यांना खंत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांवर आणि दुकानांतली 9 वरून 10 वर नेण्याला मंजुरी दिली. पहिल्या दोन वक्तव्यांवर भरपूर विनोद झाले. तिसऱ्या निर्णयावर आमच्या ग्रुपवर एक अक्षर उमटलं नाही, कारण आमच्यातलं कुणी कारखान्यात नाही.

मामांच्या वचनाचं म्हणाल तर ‘सदुपयोग’ हा शब्द जरा गुळगुळीत आहे. मूळ ग्रीक क्रियापदात बाजार आहे: पैसे मोजून सोडवून आणणं. गलतीकरांस पत्रात ख्रिस्ताने आपल्याला शापातून सोडवलं म्हणताना पौल हेच क्रियापद वापरतो. आणि वेळेसाठी तिथे आलेला शब्द घड्याळाच्या काट्यांपेक्षा नेमकी घडी, संधी याच्या जवळचा. सावकाराकडे गहाण पडलेली पाटली सोडवून आणावी तशी वेळ सोडवून आणा, असं ते मला ऐकू येतं. मामांचा अर्थ बरोबर उलटा: उरलीसुरली पाटलीही गहाण टाका.

इथला माझा पहिला रविवार मी दूध शोधण्यात घालवला होता. सगळी दुकानं बंद. बेकरी तेवढी सकाळी काही तास उघडी. काचेच्या बाटल्या टाकायच्या टाकीवरही रविवारी टाकू नका अशी पाटी. भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारीण दार ठोठावते. यामागे नुसती शिस्त नाही. 1919 च्या वायमार राज्यघटनेत रविवार हा कामापासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखला गेला, आणि 1949 च्या राज्यघटनेने ते कलम जसंच्या तसं उचललं. बर्लिनने ख्रिसमसआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची ठरवली तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ही दोन्ही मोठी चर्चेस घटना न्यायालयात गेली आणि 1 डिसेंबर 2009 ला जिंकली.

गंमत अशी, की त्या दोन्ही चर्चेसचे सभासद मिळून आता निम्मा देशही भरत नाही. मी ज्या उपासनेला जातो तिथे पंचवीस-तीस डोकी, बहुतेक पांढरी. मनाच्या उन्नतीसाठी राखलेला दिवस लोक डोंगरात चालायला वापरतात, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. वावगं दिसतं ते संध्याकाळी, रस्त्यावर. पाठीवर चौकोनी पेटी घेऊन सायकल हाणणारी पोरं. अनेक जण आपल्याकडचे विद्यार्थी; परवा लिफ्टमध्ये एकाशी हिंदीतच बोललो. जर्मनांचा विसावा त्यांच्या पाठीवरून घरपोच येतो. शिवाय चार दिवसांच्या आठवड्याने समृद्धी टिकायची नाही, असं चान्सेलर मेर्त्झ यांनीही 2025 च्या मे महिन्यात सांगून टाकलंय. म्हणजे नारायण मूर्ती इथेही आहेत, तास तेवढे कमी.

शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आम्ही चर्चच्या शब्बाथ शाळेत पाठ केली ती बायबलच्या निर्गम या पुस्तकातली: देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, सातव्या दिवशी विसावा घेतला. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते आणि तिथे कारण वेगळं आहे. तू मिसर देशात दास होतास हे आठव. तुझ्या दासाला नि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. बैल, गाढव, वेशीच्या आतला उपराही त्यात आहे. आपण किती तास राबावं याचा हिशेब तिथे नाहीच. आपल्यासाठी राबणाऱ्याला कधी थांबता येतं, एवढंच विचारलंय.

महाराष्ट्रात हा प्रश्न चर्चने विचारला नाही. मुंबईच्या गिरण्यांत तो नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने लावून धरला, 1884 पासून, आणि 10 जून 1890 ला मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हा त्यांचा एक युक्तिवाद होता असं सांगतात. अनुवादातली आज्ञा खंडोबाच्या नावाने पाळली गेली, आणि नगरच्या आमच्या मंडळीत मात्र रविवारी काय चालायचं?

उपासनेहून यायचं, मटण, दुपारी चर्चचे पाळकसाहेब किंवा कुणी पाहुणे. आणि भांडी दुप्पट. ती घासायला मावशी यायच्या, सातही दिवस, माझ्या लहानपणापासून. शब्बाथावरची किती प्रवचनं त्या भांड्यांच्या आवाजाला लागून ऐकली असतील! मी स्वतः ताटली उचलून मोरीत ठेवलेली आठवत नाही.

गेल्या डिसेंबरात घरी गेलो तेव्हा आईकडे विषय काढला. ती म्हणाली, “मग काय, मटण सोमवारी खायचं?” मग बराच वेळ गप्प बसली. पुढच्या रविवारपासून मावशींना सुट्टी, पगार न कापता. भांडी मी घासली, जानेवारीत परत येईपर्यंत. आता भाचा घासतो आणि आईच्या मते तेलकट ठेवतो.

परवा फोनवर मावशींचं विचारलं. रविवारी त्या आता तीन गल्ल्या पलीकडे एका घरी पोळ्या करायला जातात. नातवाची फी भरायची आहे.