नदीला जागा कोणी द्यायची?

माझ्या घरापासून वाल नदीचा काठ पायी दहा मिनिटांवर आहे. ऱ्हाइन नदी जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरली की थोड्याच अंतरावर तिला फाटे फुटतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा फाटा, म्हणजे वाल, ऱ्हाइनच्या पाण्याचा मोठा वाटा घेऊन नायमेखन शहराला खेटून पश्चिमेकडे जातो. शहरापाशी नदी वळते आणि नेमकी तेथेच तिची रुंदी आवळली जाते. समोरच्या तीरावर लेंट नावाचे गाव आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी तेथील मातीचा बांध ३५० मीटर मागे नेण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत नदीसाठी दुसरे पात्र खणले गेले. त्यासाठी पन्नासच्या आसपास घरे पाडावी लागली. मोठ्या पुरात पाण्याची पातळी सुमारे ३५ सेंटीमीटरने खाली यावी, हा त्यामागचा हिशेब होता. पस्तीस सेंटीमीटर म्हणजे जेमतेम दीड वीत पाणी. पण सांगलीच्या ज्या माणसाच्या उंबऱ्याशी पाणी आले आहे, त्याला या दीड वितीचे मोल सांगावे लागत नाही.

मी सांगलीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट धरली जाते. गावभागातले, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीतले, आमचे घर तळमजल्यासह पाण्यात गेले आणि मी येथे, हजारो किलोमीटरांवर, दर तासाला पुलाच्या फुटांचे आकडे वाचत बसलो होतो. तेव्हापासून आमच्याकडची चर्चा फिरून फिरून त्याच मुद्द्यांपाशी येते. कृष्णेवर सांगलीच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकच्या मागणीला विरोध हा पहिला. नदीकाठी भिंती आणि बांध उभारावेत हा दुसरा. पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवावे हा तिसरा. यात परदेशस्थ मंडळी चौथ्या मुद्द्याची भर घालतात: डच अभियंत्यांना बोलवा, त्यांनी समुद्र अडवला आहे, ते कृष्णा सहज अडवतील. या चौथ्या मुद्द्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो या देशाबद्दलच्या आदरापोटीच आहे.

या देशाची सुमारे २६ टक्के भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि समुद्र व नद्या मिळून साधारण ६० टक्के भागाला पुराचा धोका आहे. रॉटरडॅम, अॅमस्टरडॅम आणि हेग ही शहरे, म्हणजे देशाचा अर्थव्यवहार, याच सखल पश्चिम भागात एकवटलेला आहे. स्खिपोल विमानतळ ज्या जमिनीवर उभा आहे, तेथे १८५२ पर्यंत सरोवर होते; वाफेच्या पंपांनी ते उपसले गेले. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वादळी लाटांनी नैर्ऋत्येकडचे बांध फुटले आणि या देशात १,८३६ माणसे मेली. त्यानंतर डेल्टा प्रकल्पाची जी प्रचंड कामे झाली, त्यांची छायाचित्रे आपल्याकडे सर्वांनी पाहिलेली असतात. ती कामे समुद्रासाठी आहेत. नदीच्या बाबतीत मात्र १९९३ आणि १९९५ च्या पुरांनी येथे वेगळाच धडा दिला. १९९५ मध्ये बांध फुटतील या भीतीने अडीच लाख माणसे घरे सोडून गेली. बांध टिकले, तरीही दर पिढीला बांध उंचावत राहिलो तर फुटण्याच्या दिवशी होणारा विनाशही तितकाच वाढत जाईल, असे येथील जलतज्ज्ञांनी मान्य केले आणि ‘नदीसाठी जागा’ या नावाचा, सुमारे २३० कोटी युरोंचा, तिसांहून अधिक कामांचा कार्यक्रम आखला गेला. लेंट हे त्यातलेच एक काम. ज्या देशाला आपण पाणी अडवण्यासाठी बोलावू पाहतो, तो देश नदीपासून मागे सरकतो आहे.

शिवाय दोन्हीकडचा पाऊस एक नाही. येथे वर्षाकाठी ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बारा महिन्यांत विभागलेला असतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि कोयना, वारणा, पंचगंगा यांचे सारे पाणी अशा पठारावर येते की जेथे नदीला उतार फार कमी उरतो. सांगली स्वतः पर्जन्यछायेतली; तेथे पडणाऱ्या पावसाने तिला पूर येत नाही, दुसरीकडे पडलेल्या पावसाने येतो. एवढ्यापुरते मात्र दोन्ही प्रदेश सारखे आहेत, कारण वालचे पाणीही स्वित्झर्लंड आणि जर्मनीतून येते.

ज्या गोष्टीपाशी मला थांबावेसे वाटते, ती आहे ‘वाटरस्खाप’. पाण्याची व्यवस्था पाहणारी ही स्वतंत्र स्थानिक संस्था. देशात अशा २१ आहेत आणि त्यांची मुळे तेराव्या शतकापर्यंत जातात. त्या स्वतःचा कर गोळा करतात. घरमालक भरतो, भाडेकरू भरतो, शेतकरी भरतो. त्यांच्या कारभाऱ्यांची निवड दर चार वर्षांनी मतदानाने होते आणि डच नागरिकत्व नसतानाही मला त्यात मत देता आले. मी पहिली मतपत्रिका हातात धरून बराच वेळ उभा होतो, कारण तिच्यामागचे वाद फार ओळखीचे होते: शेतासाठी पाणी किती खाली ठेवायचे, बांधासाठी किती खर्च करायचा, भार कोणी उचलायचा. ‘जो बांध घालणार नाही त्याने निघून जावे’ अशा अर्थाची म्हण येथे आहे. जुन्या काळी आपल्या वाट्याचा बांध राखणे ज्याला अशक्य होई, तो त्या बांधात फावडे रोवून जमीन सोडून जाई. ही कठोर रीत परत यावी असे कोणी म्हणणार नाही, परंतु पाण्याची जोखीम सर्वांची आहे आणि तिचा हिशेब नावानिशी मांडायचा असतो, ही समज तिच्यातून आलेली आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्राबांट प्रांतातील ओव्हरडीपसे पोल्डर. मास नदीकाठच्या या सखल भागात सतराच्या आसपास शेतकरी कुटुंबे होती. पुराच्या वेळी हा भाग नदीला द्यायचा असे ठरू लागले, तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतःच आराखडा पुढे केला: बांध खाली करा, आम्हांला उंच टेकाडे बांधून द्या, आम्ही त्यांवर घरे आणि गोठे बांधू आणि साधारण २५ वर्षांतून एकदा शेतात पाणी येऊ देऊ. आठ टेकाडे उभी राहिली. बाकीची कुटुंबे भरपाई घेऊन अन्यत्र गेली. पंचवीस वर्षांचा हा आकडा वाचून मी दचकलो, कारण महाराष्ट्रात निळी पूररेषा, म्हणजे जिच्या आत बांधकामाला मनाई असते ती रेषा, त्याच हिशेबाने आखली जाते. २५ वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणारा म्हणजे लाल. आकडा तोच आहे. फरक एवढाच की येथे त्या आकड्याआधी वाटाघाट झाली, आणि आपल्याकडे रेषा आधी आखली जाते, मग ती पुसण्यासाठी अर्ज आणि मोर्चे निघतात.

हा देश आदर्श आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाणी उपसून कोरड्या केलेल्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीच्या, कुरणांची जमीन वर्षानुवर्षे खचते आहे. शेतीतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या प्रश्नावर २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारचे धोरण रद्द केले, तेव्हा ट्रॅक्टर घेऊन शेतकरी महामार्गांवर उतरले आणि २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांचाच पक्ष सर्वांत मोठा ठरला. जुलै २०२१ मध्ये लिंबर्गमधल्या एका छोट्या नदीने फाल्कनबर्ग गावाचा मध्यभाग बुडवला. त्याच महिन्यात आपल्याकडे चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले.

सांगलीसाठी मला जे हवे आहे, त्याचे बीज आपल्याच मातीत आहे. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचे आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा, ऊस मात्र लावायचा नाही, असे नियम लोकांनी पाळून दाखवले. टंचाई वाटून घेणारा हा समाज पूर वाटून घेण्याचा विचार का करू शकणार नाही? कृष्णा-पंचगंगा खोऱ्यासाठी कर घेणारी, निवडून दिलेली एक संस्था असावी, तिच्यात सांगली-कोल्हापूरचा शहरवासी आणि मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, जमिनीतला ऊसकरी एकाच टेबलाशी बसावेत आणि कोणत्या शेतात पाणी आधी शिरू द्यायचे व त्याचे किती पैसे कोणी द्यायचे, हे पाऊस सुरू होण्यापूर्वी कागदावर ठरावे. नृसिंहवाडीला नदी मंदिरात शिरते त्या दिवशी दक्षिणद्वाराचे स्नान करायला लोक गर्दी करतात; नदी आपल्या जागेत येते ही जाण आपल्याकडे होती.

आमचीही तीस गुंठे मळी निळ्या रेषेच्या आत आहे. माझा चुलतभाऊ तेथे घर बांधू पाहत होता आणि मी त्याला फोनवर हे सारे सांगत राहिलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मी जागा मोकळी ठेवली तर गावभाग वाचेल, हे मला मान्य आहे. पण गावभाग मला त्याचे काय देणार?”