वॉरफेरिनला ‘उंदराचं विष’ म्हणत फिरणाऱ्या मेसेजबद्दल

“वॉरफेरिन म्हणजे उंदीर मारायचं विष. डॉक्टर तेच पेशंटला खायला घालतात. परदेशात बंदी आहे. त्याऐवजी लसूण-आलं-लिंबाचा काढा घ्या.” भजनी मंडळाच्या ग्रुपवरून हा मेसेज माझ्या मावशीकडे आला. तिच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) मेटलचा आहे. तिने कुणालाही न सांगता वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, बंद केली. तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं ते सांगणारा आकडा, १.३ आला, तिचा २.५ ते ३.५ हवा. आता कुणी हा मेसेज पुढे ढकलला की मला राहवत नाही.

विषाचं आधी. १९४८ पासून अमेरिकेत वॉरफेरिन उंदरांसाठी विकलं गेलं, हे खरं. पण त्याआधीचं कुणी सांगत नाही. सडलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन तिकडची गुरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३ मध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोचला. त्या शोधातून रक्त गोठू न देणारं डायकुमेरॉल हे वॉरफेरिनच्याच कुळातलं रसायन हाती लागलं आणि १९४१ पासून ते माणसांना दिलं जाऊ लागलं. म्हणजे या कुळातलं माणसाचं औषध आधीचं, उंदराचं नंतरचं. वॉरफेरिनही १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी हार्ट अटॅकनंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिलं गेलं.

काढ्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. मेटलच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरली की व्हॉल्व्ह अडकतो, किंवा तुकडा सुटून मेंदूत जातो आणि अर्धं अंग लुळं पडतं. रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं; वॉरफेरिन त्याचं काम अडवून हे टाळतं. लसूण ते करत नाही. अहो, डाबिगाट्रानसारखं नवं, महागडं औषध अशा पेशंटवर वापरून पाहिलं, तर गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ती रि-अलाइन चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिथे काढा काय करणार?

परदेशातली बंदी ही शुद्ध थाप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत वॉरफेरिन आहे.

रक्तस्रावाची भीती मात्र खोटी नाही, एवढं मान्य. म्हणूनच आयएनआर वेळच्या वेळी करायचा, पेनकिलर मनाने घ्यायची नाही, व्हिटॅमिन के असलेली पालक-मेथी सोडायची नाही पण दर आठवड्याला साधारण सारखीच खायची. डोक्याला मार लागला किंवा शौचाला काळं झालं, तर थेट हॉस्पिटल गाठायचं आणि वॉरफेरिन चालू आहे हे आधी सांगायचं.