वयाची अट वाढवून एजंट थांबत नाही

आखातात घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी किमान ३० वर्षं वयाची अट आणखी कडक करा, असं एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. दहावी न झालेल्या बाईचा पासपोर्ट ईसीआरचा असतो, म्हणजे आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, आणि २०१६ पासून तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. नियम चांगलाच आहे, पण आमच्या चाळीत एजंट येतो तो व्हिजिट व्हिसा घेऊन! आधी दुबई, तिथून गाडीने मस्कत. कागदोपत्री बाई फिरायला गेलेली, मग कसला करार आणि कसला पगार?

शेजारच्या ताई अशाच गेल्या. वय ३४, म्हणजे अटीत बसत होत्या, तरी सरळ मार्ग कुणी दाखवलाच नाही. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. फोन करायच्या तो रात्री, बाथरूममध्ये नळ सोडून, कुजबुजत. त्यांना परत आणायला सात महिने लागले.

मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांचं रक्षण करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय आहे, हे आम्हाला त्यानंतर कळलं. ही माहिती पासपोर्ट हातात देतानाच, मराठीत, तोंडी सांगा. आणि कारवाई करायची तर तिकीट काढून देणाऱ्यावर करा, बाईवर नको.