आठ इंचांची पायरी

बोलेरो घेऊन मी पहिल्यांदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो, तेव्हा मिस्त्रींनी गाडीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "ज्यांच्यासाठी करायचंय त्यांना घेऊन या. गाडीचं माप मला पाठ हाय."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. मिस्त्रींनी तिच्यासमोर जमिनीवर एक वीट आडवी ठेवली. "मावशी, पाय ठेवा बघू यावर. जोर लावायचा नाही, सहज जमतंय तेवढंच." आईनं ठेवला. दुसरी वीट चढवली, त्यावरही ठेवला. मग वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. तिथं आईनं माझा खांदा धरला, पण पाय ठेवला. आणखी एक तुकडा ठेवल्यावर तिनं पाय अर्ध्यातून खाली घेतला. मिस्त्रींनी वरचा तुकडा काढला, टेप लावली आणि गाडीच्या चौकटीवर खडूनं लिहिलं : ८.

गाडीला कंपनीची पायरी होतीच, पण जमिनीपासून पंधरा इंचांवर. तरण्या माणसाला ती उंची जाणवतही नाही. दोन्ही गुडघे गेलेल्या बाईला तो कडाच असतो.

ही रीत मला नवी नव्हती. आमचे आप्पा, म्हणजे वडील, शाहूपुरीत गुळाच्या अडतीत हिशेब लिहायचे. १९८८ साली त्यांनी अडत्याची जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, साय रंगाची. आमच्या घरात तिला कायम 'फियाट'च म्हणायचे. स्टिअरिंगच्या खाली गिअरचा दांडा आणि पुढं सलग बाकासारखी सीट. त्या सीटवर आप्पा, आजी आणि मधे मी. आजी बुटकी होती, तिचे पाय खाली टेकायचे नाहीत. लोंबकळत राहून पायांना मुंग्या यायच्या आणि कागलपर्यंत पोचायच्या आधीच ती "थांबव रे जरा" म्हणायची. दोन-तीन फेऱ्यांनंतर आप्पांनी घरातला सागवानी पाट घेतला, सायकलची जुनी ट्यूब कापून त्याच्या पायांना खालून चुका मारून बसवली, म्हणजे घसरणार नाही, आणि तो आजीच्या पायाखाली सरकवला. त्यानंतर आजी पंढरपूरपर्यंत एकदाही थांबव म्हणाली नाही.

गाडीत काही बदल करणं म्हणजे काय, हे मला त्या पाटानं शिकवलं. माणूस गाडीच्या मापाचा होत नसतो, गाडी माणसाच्या मापाची करून घ्यावी लागते. पाट अजून आमच्या गॅलरीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी असते.

फियाटचा रेडिएटर आधीच्या मालकाच्या काळातल्या गाळानं भरलेला होता, त्यामुळं घाटात पाण्याचा कॅन बरोबर असायचाच. आप्पा बॉनेट उघडून उभे राहायचे, रेडिएटरच्या झाकणावर ओला फडका टाकायचे, आणि तो फडका वाफ सोडायचा थांबेपर्यंत हात लावायचे नाहीत. मला म्हणायचे, "घाई केली की हात भाजतो." त्या फियाटी आता रस्त्यावर दिसत नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आप्पांच्या फोटोसमोर जरा वेळ बसलो होतो.

माझी स्वतःची पहिली गाडी मारुती ८००. १९९९ मध्ये घेतली, तीही जुनीच. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि त्यात आम्ही पाचजण जोतिबाला जायचो. चढ लागला की एसी बंद करायचा आणि माथ्यावर गेल्यावर परत चालू, हे बायकोला न सांगता कळायचं. त्या गाडीत मी काहीही बदललं नाही, कर्ज फेडायचं होतं. पुढं २००५ मध्ये डिझेलची इंडिका आली. बहिणीचं लग्न आणि आप्पांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तिनंच केल्या. आप्पा गेले तेही त्या गाडीत मागच्या सीटवर, माझ्या बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

मग आली एक लहान पेट्रोल गाडी. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आली. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट असते, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद पडला. शाहूपुरीत कुंभार गल्लीकडून पाणी चढत आलं आणि रात्रीत आमच्या गल्लीत शिरलं. आम्ही आईला उचलून वरच्या मजल्यावर नेलं. गाडी खाली राहिली, स्टिअरिंगपर्यंत बुडाली.

पाणी ओसरल्यावर गाडी बाहेरून धुतली, दारं उघडी ठेवून दोन दिवस वाळवली, आणि चावी फिरवली. तिथं चुकलो. एकदा 'टक्' असा आवाज आला आणि सगळं थांबलं. हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं म्हणून सविस्तर लिहितोय. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खालून जोडलेला दांडा. गाडी पाण्यात गेली असेल तर स्टार्टर मारायचाच नाही, बॅटरीची वायर काढायची आणि टोचन करून गॅरेजला न्यायची. विमा कंपनीनं मला इंजिनाचे पैसे दिले नाहीत. पाण्यात गाडी चालू केल्यानं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, हे मला त्यांच्या पत्रातून कळलं. पॉलिसी विकताना फोनवर वीस मिनिटं बोलणाऱ्या माणसानं एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुमची पॉलिसी आज काढून वाचा.

त्या महापुरानंतर ठरवलं, आता उंच गाडी. पण खरं कारण पाणी नव्हतं, आई होती. लहान गाडीची सीट खाली असते. आईला त्यात बसताना स्वतःला खाली सोडून द्यावं लागायचं आणि उठताना दोघांनी ओढावं लागायचं. बसायची जागा माणसाच्या कमरेच्या आसपास असली की गुडघ्यांवर भार कमी येतो. नवी गाडी बघायला एका शोरूममध्ये आईला घेऊन गेलो होतो. तिथल्या मुलानं स्क्रीन, सनरूफ, दिव्यांचे रंग सगळं दाखवलं. आई दाराशी तशीच उभी. तिला आत बसता येतंय का, हे त्यानं विचारलं नाही. आम्ही परत आलो.

२०२० च्या जानेवारीत जुनी बोलेरो घेतली, २०१७ ची. लॅडर फ्रेम म्हणजे खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, मागं कमानपाटे, नाशिकच्या कारखान्यातली. गावाकडं दुधाच्या कॅनपासून बाळंतिणीपर्यंत सगळ्यांना नेणारी हीच गाडी. तिचा कुठलाही भाग तालुक्याच्या गावी मिळतो आणि कुठलाही मिस्त्री तिला हात लावायला घाबरत नाही.

सगळ्यात आधी काही लावलं नाही, काढलं. आधीच्या मालकानं पुढं बंपरवर बुलबार, म्हणजे भलामोठा लोखंडी पाइपांचा कठडा ठोकला होता, काचांना काळी फिल्म होती आणि प्रेशर हॉर्न. बुलबारवर २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं सगळ्या राज्यांना कारवाई करायला सांगितली होती, आणि ते बरोबरच होतं. धडकेत पायी चालणाऱ्या माणसाची हाडं त्या पाइपावर मोडतात, आणि धक्का पुढच्या पत्र्यानं पचवायच्या ऐवजी तो सरळ फ्रेमवर आणि आतल्या माणसांवर येतो. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाची बंदी २०१२ पासूनची. बुलबार भंगारात किलोवर विकला आणि त्या पैशात मागच्या सीटचे पट्टे नवे बसवले.

कायद्याचं एवढ्यासाठी सांगतोय, की मॉडिफिकेशन म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर रील येते. सहा इंच उचललेली गाडी, फेंडरच्या बाहेर आलेले टायर, टपावर दिव्यांची माळ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत केरळमधल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं तेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किटसारख्या गोष्टीला परवानगी आहे, पण आरटीओत नोंद करून. म्हणून मी टायर ए-टी, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणारे घेतले तरी माप कंपनीचंच ठेवलं, २१५/७५ आर १५. सीटची संख्या तीच, इंजिन तेच, रंग तोच. गाडी उचलली की तिचं वजन वर जातं आणि घाटातल्या वळणावर ती कलंडायला लागते. ज्या गाडीत आपली माणसं बसतात तिच्याशी असला खेळ करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

एक चूक माझ्याकडूनही झाली. फॉग लॅम्प बसवायला घाईत हायवेवरच्या एका दुकानात गेलो. त्यांनी मूळ वायर सोलून पीळ मारला आणि वर टेप गुंडाळली. महिन्याभरानं आंबा घाटात रात्री पावसात जळका वास आला आणि पुढचे सगळे दिवे गेले. मागं आई होती. मोबाइलच्या उजेडात गाडी कडेला घेतली, बायको दोन्ही हातांनी टॉर्च हलवत मागच्या वळणावर जाऊन उभी राहिली. त्या अर्ध्या तासात काय काय मनात आलं ते आठवलं तरी आजही हात गार पडतात. नंतर सगळं काढून नव्यानं करून घेतलं. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, मधे फ्यूज, वेगळा रिले, कंपनीच्या वायरिंगला एकही काप नाही. दिवे पिवळे, बंपरच्या पातळीला, पसरट झोताचे. गगनबावड्याच्या धुक्यात वरचा प्रखर दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. खालून पडलेल्या उजेडात निदान रस्त्याची कड दिसते.

आता पायरी. मिस्त्रींनी कंपनीच्या पायरीखाली बिजागरीवर झुलणारी दुसरी पायरी केली, जमिनीपासून आठ इंच, वर खाचांचा पत्रा म्हणजे ओली चप्पल सरकत नाही. गाडी निघताना ती वर दुमडून खिळीनं अडकवायची. दाराजवळच्या खांबाला उभा स्टीलचा दांडा, आईच्या मुठीच्या मापाचा. पहिला दांडा जाड झाला होता, आईची बोटं पूर्ण वळत नव्हती. मिस्त्रींनी काही न बोलता तो कापला आणि बारीक पाइपाचा दुसरा केला, त्यावर चामड्याची पट्टी शिवून घेतली. उन्हात स्टील तापतं, हे त्यांनाच सुचलं. मधल्या सीटचा फोम बदलून घट्ट घेतला, कारण मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि उठताना गुडघ्यावर येतो. वर सुती कापड आणि थंडीसाठी घडी घातलेलं घोंगडं. मागच्या आडव्या सीटा दुमडून तिथं प्लायचा एक खोका केला. पाणी, औषधं, स्टोव्ह, आईची कमोडची खुर्ची सगळं त्यात बसतं. आणि वर गादी टाकली की ती आडवी होऊ शकते, अर्थात गाडी उभी असतानाच.

हे सगळं मिळून साठेक हजार गेले. लोक म्हणतात, जुन्या गाडीवर एवढे कशाला घातलेस, त्यात नव्या गाडीचं डाउन पेमेंट झालं असतं. झालं असतं. पण आईचं माहेर वैभववाडीकडं. गुडघे धरल्यापासून सहा वर्षं ती तिकडं गेली नव्हती. भावाच्या नातवाचं बारसंसुद्धा फोनवर बघितलं होतं.

२०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता, म्हणून भुईबावडा घाटानं उतरलो. गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हा रिपरिप चालू होती. मी पळत पलीकडच्या बाजूला गेलो, पायरी खाली सोडली आणि हात पुढं केला. आईनं माझा हात बाजूला केला. डाव्या हातानं दांडा धरला, उजवा पाय पायरीवर, मग डावा, मग जमिनीवर. दोन पावलं चालून तिनं मागं वळून गाडीकडं बघितलं. पदर डोक्यावर घेतला होता, तरी भिजत होती.

"सगळं बरोबर केलंय," म्हणाली, "पण छत्री अडकवायला एक आकडा पाहिजे इथं, दाराजवळ. उतरताना हाताशी यायला हवी."

मी मोबाइलवर जागेचा फोटो काढून मिस्त्रींना पाठवला. चहा येईपर्यंत त्यांचं उत्तर आलं : "मावशींची छत्री पण घेऊन या. दांडीचं माप लागंल."