चमचाभर कुटाने ॲलर्जी जात नाही

आत्याच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला आणि तिने तो विश्वासाने घरच्या सगळ्यांना पाठवला. आत्या वॉकरशिवाय चालू शकत नाही आणि तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. म्हणजे मेसेज जणू तिच्यासाठीच लिहिलेला. मजकूर थोडक्यात असा: "चालता येत नाही? हे खाल्लं की पित्त उठतं, ते खाल्लं की खाज सुटते? खुर्चीत बसून १५ दिवसांत १० किलो वजन उतरवा. सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू, दिवसातून एकदाच जेवण, २० मिनिटं खुर्चीतला व्यायाम, पोटाला थरथरणारा पट्टा. ॲलर्जी हा रोग नाही, पोटातली उष्णता आहे. ज्याची ॲलर्जी तेच रोज चमचाभर खा, २१ दिवसांत शरीराला सवय होते. तेल लाकडी घाण्याचंच वापरा, त्याची कुणालाच ॲलर्जी होत नाही. खात्रीसाठी २०० पदार्थांची रक्ततपासणी करून घ्या."

यातल्या चमचाभर खाण्याच्या सल्ल्याने माणूस मरू शकतो. म्हणून आधी तोच.

आपल्याकडे अंगावर गांध्या आल्या की 'पित्त उठलं' म्हणतात आणि आंबट ढेकर आले तरी 'पित्त झालं' म्हणतात. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच शब्द, आणि 'पोटातली उष्णता' लोकांना पटते ती या एका शब्दामुळे. मग आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं की उपचार झाला असं वाटतं. खाज त्याने घटकाभर शमेलही. पण शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा पोटातल्या आम्लाशी काहीही संबंध नाही. शरीराने शेंगदाण्यातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) तयार करून ठेवलेली असतात. ते प्रथिन पुन्हा पोटात गेलं की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, हिस्टामिन आणि तशीच इतर रसायनं एकदम रक्तात सुटतात. ओठ-जीभ सुजते, आवाज बसतो, छातीत घरघर सुरू होते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हा ॲनाफिलॅक्सिस. तो पहिल्याच चमच्याला होऊ शकतो, आणि मागच्या वेळी नुसती खाज आली होती म्हणून या वेळीही तेवढंच होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

या सल्ल्यात सत्याचा एक तुकडा आहे, तो नाकारत नाही. ॲलर्जीचा पदार्थ अत्यल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत देण्याचा उपचार खरोखर आहे. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी शेंगदाण्याच्या अशा औषधाला मान्यता मिळाली. त्याची सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनाने होते आणि काही महिन्यांनी मात्रा ३०० मिलिग्रॅमवर पोचते, म्हणजे साधारण एका दाण्यातल्या प्रथिनाइतकी. पहिली मात्रा आणि नंतरची प्रत्येक वाढ दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, ॲड्रेनलिन (ॲनाफिलॅक्सिसवरचं इंजेक्शन) हाताशी ठेवून दिली जाते. आता चमच्याचा हिशोब करा. एक चहाचा चमचा कूट म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, त्यात पाव भाग प्रथिन, म्हणजे साडेबाराशे मिलिग्रॅम. दवाखान्यातल्या पहिल्या मात्रेच्या अडीच हजार पट, आणि तीही घरी, एकटीने. शिवाय त्या उपचाराने ॲलर्जी बरी होतच नाही. चुकून एखादा दाणा पोटात गेला तर जीव वाचावा एवढाच त्याचा हेतू.

'लहानपणापासून खाल्लं तर ॲलर्जी होत नाही' हेही याच मेसेजच्या समर्थनार्थ सांगितलं जातं. २०१५ साली ब्रिटनमधल्या ६४० बाळांवरच्या अभ्यासात तसं दिसलं, हे खरं. पण ती बाळं ४ ते ११ महिन्यांची होती आणि ज्यांची त्वचाचाचणी आधीच ठळक पॉझिटिव्ह आली त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. ॲलर्जी होऊ नये म्हणून केलेली गोष्ट ॲलर्जी झालेल्या साठीच्या बाईला लागू करणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

आणि ज्यांची हालचाल कमी आहे त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त, कमी नाही. गुडघेदुखीवर रोज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे ॲलर्जीची प्रतिक्रिया कमी मात्रेत आणि जोरात येऊ शकते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर ॲड्रेनलिनचा परिणाम अपुरा पडू शकतो. (म्हणून या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. ॲलर्जीच्या डॉक्टरांना त्यांची यादी दाखवायची.) तिसरी गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत अशा माणसाला खुर्चीत बसवून चौघं जण जिन्याने खाली उतरवतात. रक्तदाब कोसळलेला असताना बसवलं किंवा उभं केलं की रक्त पायांत साचतं, हृदयाकडे परत येत नाही आणि तेवढ्यात हृदय थांबू शकतं. आडवं झोपवायचं, पाय उंच ठेवायचे. श्वास फारच लागत असेल तरच पाय लांब पसरून टेकून बसवायचं. १०८ला फोन करतानाच मजला सांगायचा आणि स्ट्रेचर मागायचं.

इलाज एकच: ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मोठ्या माणसासाठी मात्रा अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधलं (औषधाच्या काचेच्या कुपीतलं) अर्धा मिलिलिटर. पाच मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. आपोआप टोचणारं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून ॲम्प्यूल, सिरिंज आणि कागदावर लिहिलेली मात्रा घरात हवी, आणि ती कशी भरायची-टोचायची हे घरातल्या दोघांनी डॉक्टरांकडून आधी शिकून घ्यायला हवं. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीने खाज थांबते, सुजलेला घसा उघडत नाही.

घाण्याच्या तेलाचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. रिफाइंड तेलातून प्रथिनं जवळजवळ पूर्ण निघून गेलेली असतात. लाकडी घाण्यावरचं तेल गाळलेलं असतं, शुद्ध केलेलं नसतं. दाण्याचं प्रथिन त्यात उरतं. तेलाला जो दाण्याचा वास येतो म्हणून ते आवडतं, तेच तेल ॲलर्जीवाल्याने टाळायचं. १९९७ साली ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही तेलं देऊन पाहिली. रिफाइंड तेलाने कुणालाच त्रास झाला नाही, कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या, तेलाने सहा जणांना झाला. 'कुणालाच होत नाही' म्हणणाऱ्याने हे सहा जण कुठे बसवायचे ते सांगावं.

आता १५ दिवसांत १० किलो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. दहा किलोच्या ७७,०००, म्हणजे रोज पाच हजारांहून जास्त तूट. सत्तर किलोची, दिवसभर बसून असणारी बाई दिवसाला जेमतेम पंधराशे-सोळाशे कॅलरी खर्च करते. तिने पाण्याचा थेंबही घेतला नाही तरी हा हिशोब जुळत नाही. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो तो यकृत आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) आणि त्याला धरून असलेलं पाणी गेल्यामुळे. दोन दिवस नीट जेवलं की ते परत येतं.

'बसल्या बसल्या वजन उतरतं' हे मात्र मला अर्धं मान्य करावं लागतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्याचं कारण माहीत नाही. २०१३ साली 'जामा' या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाने गुडघ्याची झीज झालेल्या, वजन जास्त असलेल्या, ५५ वर्षांपुढच्या ४५४ जणांचे तीन गट केले आणि १८ महिने पाहिलं. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं वजन सरासरी १.८ किलो उतरलं. फक्त आहार बदलणाऱ्यांचं ८.९ किलो. दोन्ही करणाऱ्यांचं १०.६ किलो, आणि त्यांचं दुखणं जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे चालता येत नाही म्हणून वजन उतरणारच नाही, हा समज खोटा. वजन ताटातून उतरतं. पण ती सारी माणसं चालू शकणारी होती आणि त्यांना १० किलोला दीड वर्ष लागलं. जो खुर्चीतून उठू शकत नाही त्याचा खर्च आणखी कमी, म्हणून त्याचं ताट आणखी महत्त्वाचं. त्या अभ्यासात सुरुवातीला दिवसातली एक-दोन जेवणं तयार शेकवर होती. असे शेक बहुधा दुधाच्या किंवा सोयाच्या प्रथिनाचे असतात, म्हणून दुधाची ॲलर्जी असणाऱ्याने डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तोंडाला लावू नयेत.

खुर्चीतल्या वीस मिनिटांच्या व्यायामाने अर्ध्या पोळीच्याही कॅलरी जळत नाहीत. तो तरीही करायचा, कारण कमी खाताना चरबीबरोबर स्नायूही जातो आणि मांडीचा स्नायू गेला की आहे ती हालचालही जाते. चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. एक पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, सोडा. प्रत्येक पायाने दहा वेळा. उभं राहता येत असेल तर बैठकीवर दोन उशा ठेवून त्या उंचीवरून पाच वेळा उठा-बसा, जमू लागलं की एक उशी काढा. हातांसाठी पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली पुरते. श्वास रोखून धरू नका, रक्तदाब चढतो. दुसऱ्या दिवशी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला तर संख्या निम्मी करा. पहिल्याच आठवड्यात पायाला वजनं बांधली की हमखास हेच होतं.

ताटातली तूट काढायची कुठून? चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. ते दोन लिटरवर आणलं की १३५ वाचल्या. तीन कप चहात दोन-दोन चमचे साखर असेल तर एकेक करा, ६० वाचल्या. संध्याकाळचा मूठभर फरसाण, ५० ग्रॅम धरला तरी अडीचशेच्या आसपास. झाल्या साडेचारशे. रोज ४०० जरी पाळल्या तरी महिन्याला दीड किलो. त्यात भाकरी, वरण, भाजी काहीच सोडावं लागत नाही. फरसाण तर ॲलर्जीवाल्याने कॅलरीसाठी नव्हे, जिवासाठी सोडायचा. त्याच कढईत, त्याच तेलात दाणे तळलेले असतात.

दाण्याच्या कुटाऐवजी कोशिंबिरीत किंवा भाजीत भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं कूट चालतं. वीस ग्रॅमला सुमारे ७५ कॅलरी आणि चार ग्रॅमवर प्रथिन. पण भडभुंज्याकडचं डाळं किंवा फुटाणे नकोत. त्याच वाळूत शेंगाही भाजल्या जातात. कच्ची डाळ आणून घरी मंद आचेवर भाजा आणि ज्यात कधी दाणे वाटले नाहीत अशा मिक्सरच्या भांड्यात वाटा. तिळाचं कूट मनाने सुरू करू नका, शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या काहींना तिळाचीही असते. आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात पाकिटावर ॲलर्जीची सूचना म्हणून ज्यांची नावं द्यावी लागतात त्या यादीत शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोया, ग्लूटेनची धान्यं आहेत. तीळ नाही, हरभराही नाही. 'यात आहे' असा ठळक इशारा नसला तरी घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. दूध चालत नसेल तर नाचणीची भाकरी रोज हवी. पन्नास ग्रॅम पिठात पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गरज हजाराची असते, म्हणून गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायचंच.

दिवसातून एकदाच जेवण हे मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला बेशुद्ध करू शकतं. दिवसभर एका जागी बसणाऱ्याला प्रथिन कमी पडलं की बसण्याच्या जागी जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८ ग्रॅमच्या खाली प्रथिन जाऊ देऊ नका.

दोनशे पदार्थांची तपासणी बहुतेक वेळा आयजीजी नावाच्या प्रतिद्रव्याची असते. ते आपण काय खात आलो ते दाखवतं, ॲलर्जी नाही. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ती करू नका असंच सांगतात. त्या कागदावर विश्वास ठेवून गहू, तूर, मूग, वांगं सगळं बंद केलेली माणसं बारीक होत नाहीत, कुपोषित होतात. पट्ट्याने चरबी हलते, जळत नाही. मध-लिंबातला एक मोठा चमचा मध म्हणजे साठ कॅलरी.

उभं राहता येत नाही म्हणून वजनच न पाहणं ही चूक मात्र करू नका. धान्याच्या वखारीत जमिनीलगतचा मोठा काटा असतो. त्यावर व्हीलचेअरसकट चढा, मग रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करा. महिन्यातून दोनदा, सकाळी, तशाच कपड्यांत. तेवढंही शक्य नसेल तर बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर टेपने मोजा. आणि पायांवर बोट दाबल्यावर खड्डा पडत असेल तर त्या दिवशीच्या आकड्याशेजारी वहीत 'सूज' असं लिहा. तो आकडा चरबीचा नाही, पाण्याचा आहे.