तिसऱ्या पानावरचा प्रांत

आज २६ नोव्हेंबर. पेपरात पहिल्या पानावर तिरंगी चौकटीत संविधानाची उद्देशिका, आत समतेवर अग्रलेख. बरं वाटलं वाचून. मग तिसरं पान उघडलं: ‘दुचाकी चोरीप्रकरणी परप्रांतीयास अटक’. त्याच्याच खाली, ‘दुकान फोडणाऱ्या युवकास अटक’. हा दुसरा शेजारच्या गावचा, म्हणून तो नुसता युवक. त्याला प्रांत नाही!

चहा तसाच राहिला आणि मला तो मुलगा आठवला.

मी निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली आमची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. प्रार्थना झाली की चौथीतल्या एकाने पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायच्या. त्या दिवशी पाळी याची होती. विजापूरकडचं कुटुंब, बाप चिऱ्यांच्या खाणीवर. घरात कानडी, खेळताना कोंकणी आणि वाचायला मराठी, तीही आमच्या गावच्या पोरांपेक्षा स्वच्छ. बोट ठेवून वाचत होता. ‘पर... प्रां... तीय’ला अडखळला आणि मान वर केली. “बाई, परप्रांतीय म्हणजे?” मी म्हटलं, दुसऱ्या राज्यातून आलेला. “म्हणजे आमी?” मागून एकजण ओरडला, “हय, तूच!” सगळा वर्ग हसला.

मी काय केलं? “गप्प बसा” म्हटलं आणि पुढची बातमी वाचायला लावली. बस्स. तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी.

संविधानाचं पंधरावं कलम घ्या. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव नको. हे शेवटचं ‘जन्मस्थान’ आपल्या वार्ताहरांना दिसतच नाही. जातीचं नाव छापताना तरी हल्ली हात थोडा थांबतो, तिथे प्रेस कौन्सिलचे संकेत आहेत. जन्मस्थान मात्र थेट मथळ्यात! आता कुणीतरी खाली लिहीलच की कलम १५ सरकारला लागू, पेपरला नाही. ठीक आहे, मान्य. पण मग उद्देशिका तरी कशाला छापता? शोभेला?

आणि उद्या तिकडे इंग्लंडात, स्विंडनमध्ये आपल्या एखाद्या गोंयकाराला कुणी वाकडं बोललं, तर हेच पेपर ‘वर्णद्वेष’ म्हणून पहिलं पान देतील. द्यायलाच हवं. पण मग इथे?

माझे आजोबा आरोंद्याहून तेरेखोल नदी ओलांडून आले. तेव्हा अलीकडे पोर्तुगीजांचं राज्य, म्हणजे ते परप्रांतीयसुद्धा नव्हते, सरळ परदेशीच! १९६१ नंतर आम्ही आपोआप इथले झालो. विजापूरवाल्याने मात्र कितीही वर्षं चिरे काढले तरी तो ‘भायलो’च. त्याच्या चिऱ्यांनी बांधलेलं घर तेवढं अस्सल गोव्याचं!

मराठी शाळा वाचवा म्हणून सभा घेणाऱ्यांना तर एक विचारायचंच आहे. आमच्या शाळेच्या पटावर निम्म्याहून जास्त नावं याच ‘परप्रांतीयां’ची होती. ती पोरं नसती तर शाळेला कधीच कुलूप लागलं असतं. गावातल्या पुढाऱ्यांची नातवंडं कुठे शिकतात ते मी लिहीत नाही, इथे सगळे ओळखीचे आहेत.

दुपारी न राहवून एका वार्ताहराला फोन केला, माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, “बाई, पोलिसांच्या पत्रकातच तसं असतं, आम्ही फक्त घालतो.” खरं असेल. बिचाऱ्याला रात्री अकरापर्यंत पानं लावायची असतात. भाडेकरूंची पडताळणी व्हावी, याच्याशीही माझं भांडण नाही. बाहेरून येऊन गुन्हे करणारे आहेत, आहेतच. पण चोर सापडला तर चोर लिहा ना रे, त्याचं गाव कशाला?

त्याला रागावले आणि फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. कारण मी तरी काय केलं होतं? दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाची पाळी आली की मी त्याला तेवढं क्रीडापान काढून द्यायचे. मला वाटायचं, मी त्याला जपतेय. एकदाही त्या वर्गाला सांगितलं नाही की हसण्यासारखं यात काही नाही.

आता तो दहावीत आहे. परवा तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात दिसला, माझ्यापेक्षा उंच. “बाई” म्हणून उठून उभा राहिला. बाकावर पेपर होता, तो अजून शेवटच्या पानापासूनच वाचायला घेतो.