बॅटरीवरचा पायाळू

गुप्तधन शोधायचं यंत्र घ्यायचं म्हणता? निघण्याआधी घरात कुणी पायाळू आहे का, ते थोरल्यांना एकदा विचारून घ्या. पायाकडून जन्मलेल्या माणसाला भुईतलं धन दिसतं, फक्त डोळ्यांत अंजन घालणारा जाणता भेटावा लागतो, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण हल्ली पोटात बाळ उलटं दिसलं की डॉक्टर सिझेरियन करून मोकळे होतात आणि धन बघणारा एक चांगला माणूस जन्मतानाच वाया जातो. सांगली जिल्ह्यात ही जागा बरीच वर्षं रिकामी होती. आता ती मेटल डिटेक्टरनं भरली आहे. त्याला अंजन लागत नाही, चार्जर लागतो.

जिल्हाही तुम्ही योग्य निवडलात. इथं गावागणिक एक पडका वाडा आहे आणि प्रत्येक पडक्या वाड्याखाली मोहरांचा हंडा आहे. हंडा कुणी बघितलेला नाही, पण त्यावर बसलेला नाग बऱ्याच जणांनी बघितला आहे. (बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यात असल्यानं नागांची टंचाई नाही.) हा हंडा आपल्या वाड्यात कधीच नसतो, भावकीतल्या दुसऱ्याच्या वाड्यात असतो. आणि तो त्यांना सापडला याचा पुरावा म्हणजे त्यांनी घेतलेला ट्रॅक्टर. त्या घरातला पोरगा विट्याहून उठून तामिळनाडूत गेला, सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन वीस वर्षं गलाईच्या भट्टीपुढं बसला, हे कारण पारावर टिकत नाही. खानापूर-आटपाडीची माणसं देशभर कचऱ्यातून सोनं वेगळं करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यात घाम फार येतो.

आता खरेदी. पाच-सात हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत यंत्रं मिळतात. साध्या यंत्राचं काम असं चालतं: खालच्या चकतीतली एक तारेची गुंडाळी सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकी क्षेत्र जमिनीत सोडते, त्यानं धातूत विजेचे बारीक भोवरे उठतात, ते भोवरे स्वतःचं क्षेत्र तयार करतात, आणि दुसरी गुंडाळी ते ऐकते. बस. सोनं म्हणजे काय हे त्या बिचाऱ्या यंत्राला कळत नाही. समोरची वस्तू वीज कितपत वाहून नेते आणि केवढी आहे, एवढंच ते सांगतं. त्यामुळं सोन्याची नाजूक अंगठी आणि ताप उतरायच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चांदीसारखा कागद, दोन्ही त्याला एकाच भावात दिसतात. कचरा गाळायचं बटण असतं. ते दाबलं की कागद गप्प होतो, आणि त्याच्याबरोबर अंगठीही. विक्रेता हे सांगत नाही. तुम्हीही विचारू नका, उगीच त्याला वाईट वाटायचं.

दुसरा प्रकार पल्सचा. तो चुंबकी क्षेत्राचे झटके देतो आणि प्रत्येक झटका विरताना कान देऊन ऐकतो. हा जरा खोल जातो, पण लोखंड आणि सोनं यांत फारसा फरक करत नाही. म्हणजे प्रत्येक खिळ्यासाठी दोन फूट खड्डा. बायपास झालेल्यांनी हा घेऊ नये. बाकीच्यांनी जरूर घ्यावा, नाहीतर परस नांगरायला माणूस मिळतोय कुठं?

जाहिरातीतलं यंत्र इंग्लंडच्या हिरव्या कुरणावर फिरताना दाखवतात. २००९ साली तिकडं स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात सातव्या शतकाच्या आसपासच्या सोन्याचांदीच्या वस्तूंचे हजारो तुकडे मिळाले, त्याची किंमत सुमारे तेहतीस लाख पौंड ठरली आणि ती शोधणारा व शेतमालक यांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली. हे खरं आहे. आपल्याकडं मात्र काळी जमीन आणि मुरूम, दोन्ही बेसॉल्टच्या पोटातून आलेली. त्या खडकात लोहचुंबकी खनिजाचे कण असतात, म्हणून काहीही पुरलेलं नसताना नुसती जमीनच यंत्राशी बोलायला लागते. तिला गप्प करण्यासाठी ‘ग्राउंड बॅलन्स’ नावाची सोय असते. माझा सल्ला, ती सोय नसलेलं यंत्र घ्या. पाऊल टाकाल तिथं धन.

खोलीबद्दल खोक्यावर जे छापलंय ते वाचून मन प्रसन्न ठेवा. नाण्याएवढी वस्तू बऱ्या यंत्राला वीतभर, फार तर वीत-दीड वीत खाली दिसते. हंडा मोठा असेल तर आणखी खाली दिसेल, पण आपल्या पूर्वजांनी हंडा सात पुरुष खोल पुरलाय असं जाणती माणसं सांगतात. सात पुरुष म्हणजे विहीर झाली. तेवढं खणलं तर पाणी लागेल, आणि दुष्काळी तालुक्यात असाल तर तेच धन समजून घरी जाता येईल.

पण खऱ्या शौकिनानं तिसरा प्रकार घ्यावा. यात चकती नाही, गुंडाळी नाही. हातात मूठ, मुठीला दोन हलत्या अँटेना. ‘दोन किलोमीटरवरचं सोनं ओळखतो’ असं सांगतात, आणि अँटेना खरंच फिरते, कारण मनगट फिरतं. आपला पाणाड्या तळहातावर आडवा नारळ ठेवून फिरतो आणि नारळ उभा राहतो, तेच हे, फक्त सूटकेसमध्ये घालून आलेलं. एका ब्रिटिश व्यापाऱ्यानं गोल्फचे चेंडू शोधायचं असलंच एक खेळणं बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकला हजारो डॉलरना एक या दरानं विकलं. तिथल्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून मोटारी तपासत उभे राहिले, आणि मोटारी फुटत राहिल्या. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही या यंत्राचा एक मोठा गुण कुणी नाकारू शकत नाही, त्याला खिळे सापडत नाहीत.

यंत्र हातात आलं की जागा दाखवणारा माणूस आपोआप येतो. त्याचं ऐकावं. परंपरा जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठं अडकलीय ते कळेना, तेव्हा टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल आपलं नवं धातुशोधक यंत्र घेऊन धावले. यंत्र चांगलं होतं. पण पलंगाला स्प्रिंगा होत्या, त्यामुळं ते जिकडंतिकडं गुणगुणायला लागलं. आणि मुख्य डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं की गोळी उजवीकडं आहे, म्हणून शोधायचं ते उजवीकडंच. गोळी डावीकडं होती. अध्यक्ष सप्टेंबरात गेले. तेव्हा उजवीकडं शोध म्हणणारा माणूस आपल्याच गावात असतो असं समजून उगीच मन खट्टू करू नका. मात्र त्यानं लिंबू, कोंबडं किंवा त्याहून मोठ्या बळीचं नाव काढलं की पैसे न मागता निघून या. गुप्तधनासाठी असले अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

कुठं शोधावं? तासगावच्या द्राक्षबागेत जाऊन बघा. लोखंडी अँगल, वर तारांचा मांडव. यंत्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एका सुरात सनईसारखं वाजतं. विजेच्या तारांखाली आणि चालू मोटारीजवळही असाच आनंद मिळतो. गडावर जाऊ नका. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, शिवाय तिथं आधीच कुणीतरी खड्डे पाडून ठेवलेले असतात. हरिपूरला तर अजिबात जाऊ नका. तिथल्या लोकांनी खरोखरच जमिनीत धन पुरलं होतं. वर माणूस उतरेल एवढं तोंड, खाली मोठं पोट, अशी पेवं खणून त्यात हळदीची पोती वर्षानुवर्षं कीड न लागता ठेवायचे. २००५ च्या पुरात बरीच पेवं पाण्यात गेली. या पेवावरून लाखाचं यंत्र फिरवलं तरी ते चकार शब्द काढणार नाही, कारण हळद धातू नाही. तेव्हा हा विषय सोडा.

सापडलंच तर काय, हाही विचार करून ठेवा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं आणि कधी, हे कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये त्या काळी चांगली रक्कम होती. आज त्यात कटिंग चहा येतो. मग जाहीर नोटीस निघते, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. खरा मालक कुणी निघाला नाही, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला, एक हिस्सा जमीनमालकाला. लपवलं तर तुमचा हिस्सा सरकारचा आणि वर एक वर्षापर्यंत तुरुंग. इंग्रजानं हा कायदा करताना बाकी सगळा विचार केला, फक्त सातबारा बघितला नाही. आमच्या परसाच्या उताऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातली पाच वारली आहेत आणि वारस अजून लागायचे आहेत.

हो, मीही घेतलं होतं. मागच्या दिवाळीला, साधं, चकतीवालं. पहिल्या दिवशी बैलाच्या तीन पत्र्या, छत्रीची काडी, दाढीची पाती, सोड्याच्या बाटलीची नऊ झाकणं आणि वीस पैशांचं षटकोनी नाणं. दुसऱ्या दिवशी यंत्र इतकं जोरात बोललं की मी टिकाव घेऊन तुटून पडलो, आणि मोटारीची केबल तोडली. आई दारातून म्हणाली, “गावलं का रं? आता पाणी तू शेंद.” संध्याकाळपर्यंत गल्लीत हंडा निघाला होता. दुसऱ्या सकाळी तो दोन हंड्यांवर गेला. नाग कुणाच्या तरी मेव्हण्यानं स्वतः बघितला होता. तिसऱ्या दिवशी पुण्याचा चुलतभाऊ आला. अकरा वर्षांत न आलेला. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यानं विचारलं, “दादा, परस अजून सामायिकच आहे ना?”

चौथ्या दिवशी तुळशीकट्ट्याजवळ वीतभर खाली एक चांदीचं जोडवं निघालं. काळं पडलेलं, पण घासल्यावर नक्षी दिसली. आईनं हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. हे जोडवं छत्तीस वर्षांपूर्वी हरवलं होतं. ते आत्यानं उचललं, हे आमच्या घरात तेव्हापासून ठरलेलं आहे. त्यापायी दोन लग्नांची आमंत्रणं गेली नव्हती आणि एका बारशात भांडण झालं होतं.

“कुणी बघितलं?” आईनं विचारलं.

“कुणी नाही.”

“मग जिथं होतं तिथं पुरून टाक.”

किंमत दहा रुपयांच्या वर आहे, पण मालकीण समोरच उभी असल्यानं कलेक्टरांना तसदी दिली नाही. फक्त आईचं सगळं ऐकलं नाही. वीतभरावर पुरलं असतं तर कुठल्याही यंत्राला दिसलं असतं, आणि पुण्याच्या चुलतभावानं परवाच एक मागवलंय. मी तीन फूट खाली पुरलं.